डायक्लोफेनॅक

डायक्लोफेनॅक : सूज व वेदना यांचे शमन करणारे, स्टेरॉइड वर्गात न मोडणारे औषध. स्वित्झर्लंडमधील सीबा-गायगी या कंपनीत ते सिद्ध झाले आणि १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आले. संधिवात, आमवात, पाठदुखी, मुरगळ इत्यादी विकारांत ते गोळी, इंजेक्शन किंवा मलम या रूपांत देतात.

दुखावलेल्या भागात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊन सूज व ठणका उत्पन्न होतो. त्यांच्या निर्मितीस अटकाव करणे हेच या वर्गातील औषधांचे कार्य असल्याचे औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनच्या संदर्भात दाखविले. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात व मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात. त्यामुळे ज्या क्रियेने गुडघा हलका होतो तिनेच जठरात व्रण पडण्याची वाट मोकळी होते. जेवणानंतर गोळी घेतली की पोट निर्धास्त, हा समज सर्रास आढळतो, पण तो अर्धाच खरा आहे : जळजळ कमी होत असली तरी औषध रक्तावाटेही जठरावर परिणाम करीत असल्याने व्रणाचा धोका टळत नाही, आणि इंजेक्शनानेही तो चुकत नाही. शौचास डांबरासारखे काळे झाल्यास औषध थांबवून तातडीने डॉक्टरांकडे जावे.

प्रौढांसाठी दिवसाची कमाल मात्रा सामान्यतः १५० मिलिग्रॅम असली तरी गुण येईल एवढ्या अल्पतम मात्रेत, कमीत कमी दिवस, हाच दंडक योग्य. हृदयविकार, पक्षाघात किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्यांना ते देऊ नये, असे युरोपीय औषधनियामकांनी २०१३ मध्ये फर्मावले. दम्याच्या ज्या रोग्यांना ॲस्पिरिन सोसत नाही त्यांना, तसेच गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत, ते वर्ज्य आहे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास रक्तस्राव संभवतो; रक्तदाबाच्या काही गोळ्या व लघवी वाढविणारी औषधे यांच्या जोडीने ते घेतल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो.

भारतात कायद्याने त्याच्या गोळ्या व इंजेक्शने डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. व्यवहारात मात्र दुकानदाराकडे ‘दुखण्याची गोळी’ मागितली की बहुधा हेच हाती पडते. गोळ्यांच्या पट्टीवर व्यापारी नाव ठळक आणि घटकांची नावे बारीक अक्षरांत असल्यामुळे दोन निराळ्या नावांच्या गोळ्या घेणारा रोगी नकळत दुप्पट मात्रा घेत असतो. तेव्हा ती बारीक अक्षरे वाचून घ्यावीत. गुडघ्याच्या व हाताच्या झिजेच्या संधिवातात, विशेषतः वृद्धांनी, आधी मलम वापरून पाहणे श्रेयस्कर, कारण त्यातून रक्तात फारच थोडे औषध उतरते. झीज भरून काढण्याचे सामर्थ्य मात्र गोळीत नाही आणि मलमातही नाही.

जनावरांना दिलेल्या या औषधाचे अंश मृतदेहांत राहून ते खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात, असे २००४ मध्ये उघडकीस आल्यावर भारत सरकारने २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरास मनाई केली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनाची कुपी एका मात्रेपुरती, म्हणजे ३ मिलिलिटरची, ठेवण्याचा हुकूम निघाला.