‘नंतर’ आणि ‘म्हणून’

आमच्या बंगळूर शहरात मराठी मुलांसाठी घेतलेल्या एका निबंधस्पर्धेचे परीक्षण काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. विषय होता ‘शहाजीराजे आणि बंगळूर’. निबंध तीसेक असतील. भाषा बहुतेकांची शुद्ध होती, सनावळीही चोख होती. 1638 साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर घेतले. शहाजीराजे त्याच्याबरोबर होते. केंपेगौडा मागडीला गेला. बंगळूर शहाजींकडे जहागिरीत आले. त्यांनी येथे विद्वानांना आश्रय दिला. पुढे 1664 साली होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. यांतले एकही विधान मला खोडता आले नाही. तरीही सगळे निबंध वाचून संपल्यावर वाचण्यापूर्वी मला जेवढे कळत होते, तेवढेच कळत राहिले.

असे का व्हावे, याचा विचार करताना एक साधी गोष्ट ध्यानात आली. या निबंधांतली वाक्ये ‘नंतर’ या शब्दाने एकमेकांना जोडलेली होती. ‘म्हणून’ हा शब्द कोठे आढळेना. घटनांची ओळ लावली की हकीगत होते. एका घटनेचा दुसरीशी संबंध काय, तो संबंध कशावरून मानायचा, याची चौकशी सुरू झाली म्हणजे इतिहास सुरू होतो. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. एम. ए.च्या वर्गात असताना माझे निबंधही याच जातीचे असत. फरक एवढाच, की माझी विशेषणे अधिक लांबलचक होती.

वास्तविक मराठीत इतिहासलेखनाचा उदय चिकित्सेतूनच झाला. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली प्रसिद्ध झाला. पुढे नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच त्याच्यावर टीका लिहिली आणि या ग्रंथकाराने कोणते कागद कसे वापरले, असा प्रश्न केला. राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा पानिपतच्या काळची पत्रे नुसती छापून ते थांबले नाहीत. दीर्घ प्रस्तावनेत त्यांनी त्या पत्रांची साक्ष तपासली. शेजवलकरांनी त्याच पानिपतची कारणमीमांसा पुन्हा नव्याने केली. वारसा असा असता आपले निबंध मात्र बखरीच्या वळणावर का जातात? मला वाटते, आपण या थोर पुरुषांचे निष्कर्ष घेतले आणि त्यांची प्रश्न विचारण्याची सवय तेवढी मागे ठेवली.

तेव्हा तोच विषय घेऊन प्रश्न विचारून पाहू. पुण्याच्या जहागीरदाराला विजापूर दरबाराने इतक्या दूर बंगळूरला का धाडले? याचे उत्तर बंगळूरात सापडत नाही. ते 1636 सालात सापडते. त्या वर्षी निजामशाही संपली आणि मोगलांशी झालेल्या तहाने आदिलशाहीची उत्तर सीमा ठरून गेली. उत्तरेकडे वाढण्याची वाट बंद झाली, म्हणून विजापूरच्या फौजा कर्नाटकाकडे वळल्या. निजामशाहीच्या अखेरच्या दिवसांत एका लहान मुलाला गादीवर बसवून मोगलांना झुंजवणारा सेनानी नुकताच पदरी आला होता. असा माणूस कामाचा खरा, पण त्याच्या मूळ मुलखात बलिष्ठ होऊ देण्याजोगा नव्हे. असा विचार दरबाराने केला असेल, तर ही नेमणूक एकाच वेळी गौरवाची आणि सावधगिरीचीही ठरते. पुढे 1648 साली शहाजींना कैद झाली आणि दुसऱ्या वर्षी सुटका झाली, तेव्हा सिंहगडाबरोबर बंगळूरही सोडून द्यावे लागले, असे ‘शिवभारत’ सांगते. येथे शहाजींचे स्वतंत्र राज्य होते असे म्हणणाऱ्याने या एका घटनेला उत्तर दिले पाहिजे.

आता साक्षीदाराकडे वळू. शहाजींच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’त येते. राजवाड्यांनी तो 1922 साली प्रसिद्ध केला. मुलांनी या काव्यातील स्तुती शहाजींच्या गुणांचा पुरावा म्हणून दिली होती. माझे आयुष्य सरकारी कचेरीत गेले. तेथे अर्ज वाचण्याची एक रीत अंगवळणी पडते. अर्जदार स्वतःविषयी सांगतो ते पारखून घ्यावे लागते. पण जाता जाता गावाचे नाव, शेजाऱ्याचे शेत, पिकाची तक्रार तो लिहून जातो, ते बहुधा खरे असते, कारण ते खोटे लिहिण्यात त्याचा लाभ नसतो. दरबारी कवीचेही तसेच. धन्याच्या औदार्याविषयी त्याची साक्ष दुबळी. परंतु त्याच्या काव्यात संस्कृताखेरीज अनेक देशी भाषांतील रचना आहेत, ही साक्ष भक्कम आहे. एवढ्या भाषांची बूज राखणारा श्रोतृवर्ग समोर असल्याखेरीज कवी त्या खटाटोपात पडत नाही. स्तुतीच्या पोटातून असे दरबाराचे चित्र निघते, आणि ते स्तुतीहून मोलाचे आहे.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. एकोजीराजांनी 1687 साली बंगळूर तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजास विकावयास काढले; इतक्यात मोगल सरदार कासीमखानाने ते घेतले आणि तेवढ्याच रकमेला म्हैसूरकरांना दिले, असे विल्क्सने 1810 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लिहिले. पुष्कळ पुस्तकांत ते उतरले. परंतु एकोजींचे पुत्र शहाजी यांचा तंजावरच्या गादीवर येण्याचा काळ सामान्यतः 1684 धरतात. मग 1687 साली सौदा करणारा कोण? बोलणे आधी झाले होते, की बापाचे नाव मुलाच्या व्यवहाराला चिकटले, की यांपैकी एक साल चुकले? आणि विकण्याची इच्छा असलीच, तर तिचे कारण कोणते? विजापूर 1686 साली पडले होते, औरंगजेबाच्या फौजा दक्षिणेत पसरत होत्या आणि धनी तंजावरला होता. इतक्या दूरचे ठाणे राखण्याचा खर्च किती, हा हिशेब मांडला म्हणजे ‘विकले’ या शब्दातला कमीपणा ओसरतो आणि एक राजकीय निर्णय दिसू लागतो. कोणत्याही निबंधात या प्रकरणाचा उल्लेख नव्हता. अडचणीचे वाटले, ते मुलांनी गाळले असावे.

मीमांसा म्हणजे बोजड परिभाषा, असा एक समज आहे. तो सोडून द्यावा. प्रौढ लेखनाची खूण शब्दांच्या वजनात नसते. ती ‘बहुधा’ कोठे लिहावे आणि ‘निश्चित’ कोठे लिहावे, या विवेकात असते. ‘थोर’, ‘अलौकिक’ ही विशेषणे खोडून पाहावीत. वाक्य उभे राहिले तर ठीक, कोसळले तर त्यात मुळातच काही नव्हते. आपल्या मताविरुद्ध जाणारा पुरावा स्वतःच पुढे मांडावा. कचेरीतल्या टिप्पणीतही प्रतिकूल कागद दडवणारा कारकून फार काळ विश्वासू राहत नाही.

हा केवळ लेखनाचा प्रश्न असता, तर मी आपला एवढा वेळ घेतला नसता. या शहराचा विमानतळ केंपेगौडांच्या नावाने ओळखला जातो. 1537 साली येथे शहर वसवणाऱ्या पुरुषाच्या वंशजाला आमच्या मुलांनी ‘मागडीला गेला’ एवढ्या दोन शब्दांत निरोप दिला. शाळेत त्यांच्या शेजारी बसणारा कन्नड मुलगा हीच घटना आपले गाव गेल्याची घटना म्हणून वाचतो. दोघांची वह्या-पुस्तके एकाच बाकावर असतात. आपण मांडलेला इतिहास त्या शेजाऱ्यासमोर मोठ्याने वाचता येईल का, ही कसोटी मी परराज्यात राहिल्यामुळेच शिकलो. तेथे अभिमान टिकावयाचा तर त्याला पुराव्याचा आधार लागतो.

त्या तीस निबंधांत एक आठवीतल्या मुलीचा होता. मराठी कच्चे, शुद्धलेखन त्याहून कच्चे. शेवटी तिने लिहिले होते, की शहाजीराजांना सारा देणारे शेतकरी कन्नड बोलत असतील. तर त्यांचे गाऱ्हाणे राजांना कोण समजावून सांगत असेल? उत्तर तिने दिले नव्हते. मी पहिले बक्षीस तिला दिले.