सलूनमधल्या कचऱ्याचे पैसे कोण भरतं?

केस रंगवताना वापरलेलं फॉइल, रंगाच्या रिकाम्या ट्यूब, कापलेले केस... हे सगळं वेगवेगळं ठेवण्यात सलूनवाल्याचा वेळ जातो, वर उचलून नेणाऱ्याला पैसे द्यावे लागतात. मग तो हा उपद्व्याप का करेल?

ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘सस्टेनेबल सलॉन्स’ने यावर तोडगा काढला: ग्राहकाच्या बिलात साधारण २ डॉलरचं शुल्क. कचरा उचलण्याचा खर्च त्यातून निघतो, सलूनच्या खिशाला चाट बसत नाही. खरा भाव असतो ॲल्युमिनियमला, कारण ते पुन्हा पुन्हा वितळवता येतं. भंगाराचे पैसे गरजूंच्या जेवणासाठी दिले जातात. बारीक केसांना फारशी किंमत नाही, पण ते तेल चांगलं शोषतात. म्हणून तेलगळती आवरायला वापरतात. ग्राहकाला आधी न सांगता शुल्क लावलं, तर मात्र काउंटरवर वाद ठरलेला.