कवटीचे माप आणि बुद्धीचा हिशेब

आपल्या परंपरेने बुद्धीच्या देवतेला हत्तीचे मस्तक दिले. तराजू लावून पाहिला तर ही निवड चुकीची म्हणता येणार नाही. हत्तीचा मेंदू साडेचार ते पाच किलो भरतो. माणसाचा जेमतेम १.३ ते १.४ किलो. परंतु एवढ्यावरच हिशेब मिटत असता, तर पहिला मान स्पर्म व्हेल या देवमाशाला द्यावा लागला असता, कारण त्याचा मेंदू आठ किलोंच्या घरात जातो.

बरे, शरीराच्या मानाने मेंदू किती हे पाहावे, तर माणसाचे प्रमाण शेकडा दोन पडते. आणि आपल्या घरच्या उंदराचेही जवळजवळ तेवढेच! याचे कारण ओटो स्नेल या जर्मन संशोधकाने १८९० च्या दशकाच्या आरंभी मांडले. सस्तन प्राण्यांत शरीर आठपट वाढले तर मेंदू सुमारे चौपटच वाढतो. म्हणून लहान प्राण्याचे प्रमाण आपोआपच मोठे दिसते. हॅरी जेरिसन यांनी १९७३ साली याच धोरणाने एक अंक रूढ केला. त्या आकाराच्या प्राण्याला जेवढा मेंदू असावा असे गणित सांगते, त्याच्या किती पट मेंदू प्रत्यक्षात आहे, हे तो अंक सांगतो. मांजर १ धरले तर चिंपांझी दोन-अडीच, डॉल्फिन चार-पाच आणि मनुष्य सातच्या वर जातो.

हा हिशेबही पुरता बसत नाही. दक्षिण अमेरिकेतील कॅपुचिन माकडाचा अंक गोरिलाहून वरचा येतो, पण म्हणून ते गोरिलाहून शहाणे ठरत नाही. अलीकडे सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांनी मेंदूतील चेतापेशीच मोजल्या. माणसात सुमारे ८६ अब्ज, तर आफ्रिकी हत्तीत २५७ अब्ज निघाल्या! मात्र हत्तीच्या पेशींपैकी शेकडा ९८ लहान मेंदूत आहेत. विचाराशी ज्याचा विशेष संबंध, त्या मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरात हत्तीच्या साडेपाच अब्जांवर थोड्या, तर माणसाच्या सोळा अब्ज पेशी आहेत.

प्राण्याप्राण्यांची तुलना चालली होती तोवर हे शास्त्र निरुपद्रवी होते. अनर्थ झाला तो हाच तराजू माणसामाणसांत लावल्यामुळे. फ्रान्समध्ये पॉल ब्रोका यांनी पुरुषाचा मेंदू स्त्रीहून आणि युरोपीयाचा इतरांहून मोठा, म्हणून श्रेष्ठ, असे प्रतिपादन केले. त्यांच्याच खंडातील दोन थोर लेखक मात्र या मापाला जुमानीनात. तुर्गेनेव्हचा मेंदू दोन किलोंहून जास्त भरला आणि आनातोल फ्रान्सचा एका किलोच्या आसपास. आपल्याकडे हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने नाकाची रुंदी मोजून जातींची उच्चनीचता ठरविण्याचा उद्योग केला. म्हणजे युरोपातले हे लोण आपल्या उंबरठ्यापर्यंत आले होते.

आणि आपल्यातलीच एक स्त्री या लोणाच्या उगमाशी जाऊन पोहोचली. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. इरावती नदीवरून त्यांचे नाव पडले. १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढणाऱ्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सूनबाई. मुंबईला घुर्ये यांच्यापाशी समाजशास्त्राचा अभ्यास करून त्या बर्लिनला गेल्या. १९२७ साली स्थापन झालेल्या तेथील मानववंशशास्त्राच्या संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे गुरू. फिशर यांचा सिद्धान्त असा, की युरोपीयांच्या मेंदूचा उजवीकडचा पुढील भाग विशेष वाढलेला असतो, त्यामुळे त्यांच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, आणि हा विषमपणाच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण. हे पडताळण्याचे काम इरावतीबाईंकडे आले.

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. विषमपणा सापडला, पण तो युरोपातल्या कवट्यांत होता तसा युरोपाबाहेरच्या कवट्यांतही होता. वंशाशी त्याचा काही संबंध लागेना. परदेशात, परक्या भाषेत, ज्यांच्या हाती पदवी त्यांच्याच सिद्धान्ताविरुद्ध हा निष्कर्ष लिहायचा होता. बाईंनी तो लिहिला. १९३० साली पदवी मिळाली, परंतु उत्तीर्णांतल्या सर्वांत खालच्या श्रेणीची. पुढे १९३३ साली फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांच्या वंशशास्त्राने नाझी राजवटीला आधार पुरविला. त्याची किंमत लक्षावधी निरपराध माणसांनी भरली.

इरावतीबाईंनी मोजपट्टी टाकून दिली नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी महाराष्ट्रातील नाना जातीजमातींची शरीरमापे घेतली. दांडेकर यांच्यासह ती १९५१ साली प्रसिद्ध केली. १९६८ साली मल्होत्रा यांच्यासह सारख्याच दर्जाच्या आठ गटांची तुलना केली. हे सारे गट ब्राह्मणच, पण शरीराच्या लक्षणांत ते एकमेकांपासून वेगळे दिसले. कोणाचे कोणाशी नाते, कोण कोठून येऊन कोणाशेजारी वसले, हे त्या मापांना विचारीत. श्रेष्ठ कोण हे कधीच विचारीत नसत. माप तेच, पण त्याला काय विचारायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. हत्तीच्या मेंदूपासून सुरू झालेल्या या इतिहासाने आपल्याला शिकवायचे ते एवढेच.