घरउंदराचे वाय गुणसूत्र: नकलांचा इतिहास

घरात वावरणाऱ्या लहान उंदराचे, म्हणजे मस मस्क्युलसचे, वाय गुणसूत्र सुमारे ९ कोटी डीएनए-अक्षरांचे आहे. माणसाचे वाय त्यापेक्षा लहान, सव्वासहा कोटींच्या आसपासचे. आणि त्यातलाही निम्मा भाग जवळजवळ जनुकांवाचूनचा, त्याच त्या अक्षरांच्या उजळणीचा. उंदराच्या वायमध्ये असा ओसाड भाग फारच थोडा. त्याचा बहुतेक सगळा विस्तार मोजक्या जनुकांच्या पुनःपुन्हा निघालेल्या नकलांनी भरलेला आहे. जुनी जनुके गमावत आलेले हे गुणसूत्र इतके फुगले, ते या नकलांमुळे.

सस्तन प्राण्यांचे एक्स आणि वाय ही सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इतर जोड्यांसारखीच एक साधी जोडी होती. त्यातल्या एकावर नर ठरवणारे जनुक तयार झाले आणि त्याच्या आसपासच्या भागात जोडीदाराशी होणारी देवाणघेवाण थांबत गेली. ताडून पाहायला दुसरी प्रत नसलेल्या पोथीत लेखनिकाच्या चुका पिढ्यानपिढ्या साचत जाव्यात, तशी वायची गत झाली. एक्सला मादीच्या शरीरात जोडीदार मिळतो. वायला तो कधीच मिळत नाही. मूळच्या शेकडो जनुकांपैकी उंदराच्या वायवर आज मूठभरच उरली आहेत आणि तीही त्याच्या आखूड भुजेवर. या उरलेल्यांतही नकला निघाल्या: माणसात एकच असलेल्या झेडएफवाय जनुकाच्या उंदरात दोन प्रती आहेत.

वायचा शोध लागला तो उंदरात नव्हे. १९०५ मध्ये अमेरिकेतील ब्रिन मॉर महाविद्यालयात नेटी स्टीव्हन्स यांना पिठातल्या किड्याच्या नरपेशींत एक लहानसे गुणसूत्र दिसले आणि लिंगभेदाशी त्याचा संबंध त्यांनी जोडला. पुढची काही दशके मात्र फळमाशीने गाजवली. फळमाशीत नर-मादी ठरवण्यात वायचा हात नसतो, म्हणून इतरत्रही नसावा, असे गृहीत धरले गेले. त्याच फळमाशीत १९३६ मध्ये कॅल्विन ब्रिजेस यांनी दाखवले, की बारीक डोळ्यांची ‘बार’ ही विकृती गुणसूत्राचा एक तुकडा दोनदा आल्यामुळे होते. नकलेला उत्क्रांतीच्या विचारात मानाचे स्थान मिळवून दिले ते सुसुमु ओहनो यांनी. १९६७ च्या पुस्तकात त्यांनी लिंग गुणसूत्रांच्या झिजेचे चित्र रेखाटले आणि १९७० च्या पुस्तकात जनुकाची जादा प्रत हा नव्या गुणांचा मोठा उगम असल्याचे ठासून सांगितले. मूळ प्रत नेहमीचे काम सांभाळते आणि दुसरीला बदलायची मोकळीक मिळते, हा त्यामागचा विचार. झीज आणि नक्कल हे एकाच गुणसूत्राच्या चरित्रातले दोन अध्याय निघतील, हे त्या वेळी स्पष्ट नव्हते.

फळमाशीचा दाखला उंदराला लागू पडत नाही, हे १९५९ मध्ये ओक रिज येथील प्रयोगशाळेत कळले. एकच एक्स असलेले आणि वाय नसलेले उंदीर मादी निघाले. म्हणजे नर घडवणारे काहीतरी वायवर होते. ते कुठे, याचा माग एका नकलेनेच दिला. १९७१ मध्ये इंग्लंडमधील हार्वेल येथे ब्रूस कॅटनॅक आणि सहकाऱ्यांनी असे एक उंदीर-घराणे नोंदवले, ज्यात दोन एक्स असलेली पिल्लेही नर होत. या घराण्यातल्या वायवर आखूड भुजेच्या तुकड्याची दुसरी प्रत गुणसूत्राच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती. एक्स आणि वाय यांची उरलीसुरली देवाणघेवाण नेमकी त्याच टोकाशी होते, म्हणून ही प्रत एक्सवर उडी मारी आणि मुलींना नर बनवी. हा उलगडा करणाऱ्यांत लालजी सिंह होते. एडिंबरात केनेथ जोन्स यांच्यासोबत त्यांनी पट्टेरी मण्यारच्या डीएनएमधून वेगळा काढलेला, जीएटीए या चार अक्षरांच्या उजळणीचा अंश उंदराच्या वायवरही दाट सापडत होता. त्याच्या खुणेवरून १९८२ मध्ये तुकड्याचा प्रवास टिपता आला. सापाच्या डीएनएने उंदराचे कोडे सुटावे, ही या इतिहासातली एक गमतीची गोष्ट. हेच अक्षर-समूह नरत्व ठरवत असावेत, ही त्या काळची अटकळ मात्र टिकली नाही. सिंह पुढे हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे संचालक झाले आणि भारतात डीएनए ठसे-तंत्र त्यांनी रुजवले.

खरे जनुक, एसआरवाय, १९९० मध्ये लंडनमध्ये हाती आले. पुढच्या वर्षी ते सामावणारा १४ हजार अक्षरांचा तुकडा दोन एक्सच्या गर्भात घातल्यावर त्यातून नर उंदीर जन्मला. या जनुकाभोवतीही नकलेचा वेढा आहे: त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकींची आरशातली प्रतिमा शोभाव्यात अशा प्रती आहेत. त्या पुनरुक्तीत जनुकाचा एक दुसरा, अत्यावश्यक भाग दडलेला होता आणि तो जपानमध्ये २०२० साली उघडकीला आला. जगातल्या सर्वाधिक अभ्यासलेल्या जनुकांपैकी एकाचा एवढा महत्त्वाचा भाग तीस वर्षे नजरेतून सुटावा, यावरून अशा प्रदेशात वाचन किती अवघड असते याची कल्पना येते.

अवघडपणाची झळ संपूर्ण जनुकसंचाच्या वाचनालाही बसली. २००२ मध्ये उंदराच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला तो मादीचा. त्यात वाय नव्हतेच. शिवाय ज्या उंदरांवर विज्ञान उभे आहे त्यांचा वारसा मिश्र आहे. प्रयोगशाळांतील बहुतेक जुन्या वाणांचा बाकी देह मुख्यतः पश्चिम युरोपी डोमेस्टिकस उपजातीचा, पण वाय पूर्वेकडील मस्क्युलस उपजातीचे, हे १९८५ मध्ये दिसून आले. विसाव्या शतकाच्या आरंभी हौशी पाळीव उंदरांतून हे वाण तयार झाले आणि त्या पैदाशीत जपानी उंदीरही मिसळले होते.

वायचे संपूर्ण वाचन डेव्हिड पेज यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. जुन्या वारशाची जनुके असलेला भाग एकूण लांबीच्या सुमारे दोन टक्के निघाला. बाकी जवळजवळ सगळी लांब भुजा, आणि तीवर सुमारे पाच लाख अक्षरांचा एक खंड थोड्याफार फरकाने पुन्हापुन्हा आलेला. तीन जनुक-कुटुंबांच्या मिळून सहाशेहून अधिक प्रती त्यात आहेत. स्लाय आणि एसएसटीवाय ही त्यांतली दोन, आणि तिन्ही वृषणातच काम करणारी. एसएसटीवायचे मूळ वायवरचे नाहीच. स्पिंडलिन कुटुंबातल्या एका जनुकाची ती बाहेरून येऊन स्थिरावलेली प्रत आहे. माणसाच्या वायवरही नकला आहेत, पण तिथे जोडीने उलटसुलट बसलेल्या प्रती एकमेकींवरून चुका दुरुस्त करून घेतात. उंदरातील शेकड्यांच्या नकलांना केवळ दुरुस्तीचे कारण पुरत नाही.

दुसरे कारण एक्सवर सापडले. स्लायची भावंडे, स्लेक्स जनुके, एक्सवर बसलेली आहेत आणि त्यांच्याही अनेक प्रती आहेत. अर्धसूत्री विभाजनानंतर, शुक्रपेशी आकार घेत असताना, स्लेक्स लिंग गुणसूत्रांवरील जनुकांना चेतवते आणि स्लाय त्यांना दाबते. लंडनमधील मिल हिल येथे ज्युली कोके, पॉल बर्गॉइन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये स्लायचे काम मंदावले, तेव्हा एक्सवरील जनुके सैल सुटली आणि शुक्राणूंचा आकार बिघडला. पिल्लांत माद्या वाढल्या. लांब भुजेचा मोठा भाग गमावलेल्या नरांतही माद्यांकडे असाच कल दिसतो. स्लेक्स मंदावल्यावर उलट नर वाढले. आणि २०१२ च्या प्रयोगात दोन्ही एकाच वेळी मंदावल्यावर प्रमाण पुष्कळसे सावरले. म्हणजे ही जनुके उंदराच्या गरजेपेक्षा एकमेकांच्या गरजेने वाढली. एक्सने प्रती वाढवल्या की वायने मागे राहून चालत नाही. ज्याच्या प्रती कमी पडतील ते गुणसूत्र पुढच्या पिढीत कमी जाते. प्राण्याला यातून काय मिळते? जवळजवळ काहीच नाही; तोल सुटला तर वंध्यत्व मात्र मिळते.

या चढाओढीचा माग रानातही लागतो. डेन्मार्कपासून काळ्या समुद्रापर्यंत एका अरुंद पट्ट्यात डोमेस्टिकस आणि मस्क्युलस या उपजाती एकमेकींना भेटतात. दोघींत संकर होतो, पण एक्सवरील जनुके हद्द फारशी ओलांडत नाहीत. मस्क्युलसच्या वायवर मात्र स्लायच्या प्रती अधिक आहेत, आणि चेक प्रजासत्ताक व बव्हेरियाच्या टापूत ते वाय हद्द ओलांडून डोमेस्टिकसच्या मुलखात बरेच आत गेलेले आढळले. २००८ च्या अभ्यासात एरवी या पट्ट्यात माद्या जास्त भरल्या; हे वाय जिथे पोहोचले होते तिथे ती तफावत नव्हती.

एवढ्या अवाढव्य वायपैकी जगण्यासाठी किती हवे? हवाई विद्यापीठात मोनिका वॉर्ड यांच्या गटाने २०१४ मध्ये वायवरची केवळ दोन जनुके, एसआरवाय आणि ईआयएफटूएसथ्रीवाय, असलेले नर घडवले आणि प्रयोगशाळेतील गर्भधारणेच्या तंत्राने त्यांच्यापासून पिल्ले मिळवली. २०१६ मध्ये त्या दोन्हींचे काम दुसऱ्या गुणसूत्रांवरील जनुकांकडून करून घेतले आणि वायचे एकही जनुक नसलेला नर बाप झाला. नैसर्गिक समागमातून पिल्ले होणे मात्र अशा नरांना साधत नाही.

काही कृंतकांनी हा प्रयोग स्वतःच कधीचा उरकला आहे. मध्य व पश्चिम आशियातील एलोबियस या बिळकर व्होलच्या काही जातींत नरालाही वाय नाही आणि एसआरवायही नाही. जपानच्या अमामी बेटावरील काटेरी उंदरात नर-मादी दोघांनाही एकच एक्स असतो. तिथे नर कसा ठरतो, याचे उत्तर २०२२ मध्ये असातो कुरोइवा यांच्या गटाला मिळाले. एसआरवाय एरवी ज्याला चालना देते, त्या सॉक्स९ जनुकापासून ४ लाख ३० हजार अक्षरे दूर, १७ हजार अक्षरांचा एक तुकडा दोनदा आलेला आहे. ही जादा प्रत फक्त नरांत, तिसऱ्या गुणसूत्राच्या जोडीतील एकावरच, आढळली आणि सॉक्स९ला चालू करण्याचे काम तीच करते. ते तिसरे गुणसूत्र आता नव्या वायच्या वाटेवर आहे. शेजारच्या ओकिनावा बेटावरील याच वंशातल्या उंदराचे वाय मात्र टिकले. दुसऱ्या एका गुणसूत्राशी सांधले जाऊन ते आकाराने थोराड झाले आहे आणि त्यावर एसआरवायच्या अनेक प्रती आहेत.