गोदावरी कालवे

गोदावरी कालवे : नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर (ता. निफाड) येथील बंधाऱ्यापासून निघालेले दोन सिंचन-कालवे. गोदावरी-कादवा संगमाजवळील हा बंधारा सायखेड्याच्या खालच्या अंगास आहे. उजवा कालवा सु. ११० किमी. व डावा सु. ९० किमी. लांबीचा असून त्यांचे पाणी कोपरगाव-राहाता या अवर्षणप्रवण भागापर्यंत जाते. गोदावरीच्या मुखाकडील दवलेश्वरमच्या कालव्यांतून नौकाही चालत. हे कालवे मात्र सिंचनासाठीच बांधण्यात आले.

१८९९-१९०० च्या दुष्काळानंतर दख्खनमधील संरक्षक सिंचनाच्या कामांना चालना मिळाली. बंधाऱ्याचे काम १९०७ मध्ये सुरू झाले. बंधाऱ्यातील साठा मर्यादित असल्याने उन्हाळी पाण्याची भिस्त दारणा धरणावर (१९१६) राहिली. तेथून सोडलेले पाणी नदीपात्रातूनच बंधाऱ्याकडे येते.

दैनंदिन कामकाज : शेतकऱ्याने ‘नमुना क्र. ७’ चा पाणी-अर्ज भरावयाचा व मंजुरीनंतर पास घ्यावयाचा, अशी पद्धत रूढ झाली. कालवा निरीक्षक पाळीपत्रक तयार करी. मोजणीदार भिजलेले क्षेत्र मोजी आणि त्यावरून पाणीपट्टी आकारली जाई. प्रत्यक्ष पाणी फिरविण्याचे काम पाटकऱ्याचे. तो चारीची दारे उघडी, मोजपट्टीवरील पातळी पाही, भरावातील खेकड्यांची बिळे बुजवी आणि रात्रपाळीच्या भिजवणीवर लक्ष ठेवी. शेजपाळीत शेपटाकडील शेतास प्रथम व मुखाकडील शेतास शेवटी पाणी देण्याचा दंडक आहे. मुखाशी उसाला अधिक पाणी ओढले गेले, की आवर्तन लांबते व शेपटाकडील उभे पीक वाळते. त्यामुळे कायद्यातील समन्याय अखेर पाटकऱ्याच्या हातातील किल्लीवर अवलंबून राहिला.

परिणाम : कालव्यांमुळे ऊस व साखर-कारखानदारी वाढली, अतिसिंचन व अपुरा निचरा यांमुळे काही जमिनी पाणथळ व क्षारयुक्तही झाल्या. बंधाऱ्यात गाळ साचून साठा घटला. तेथील उथळ जलाशय पक्ष्यांचे आश्रयस्थान बनला (अभयारण्य १९८६, रामसर स्थळ २०१९). ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ मध्ये सायखेडा-चांदोरी परिसरात पुराचे पाणी शिरले. गाळामुळे फुगवटा वाढतो, अशी तेथील रहिवाशांची तक्रार आहे. २००५ च्या कायद्याने पाणीवाटप पाणीवापर संस्थांकडे सोपविण्याची तरतूद केली. पाटकऱ्यांची संख्या रोडावत गेल्याने शेपटापर्यंत पाणी पोहोचविण्याची जबाबदारी आता मुख्यतः या संस्थांच्या शिस्तीवर येते.