गैरहजरांचा पट

सोलापुरातून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. तिथल्या माळावर पक्षी मोजून आलेल्याला लोक एकच गोष्ट विचारतात. चंडोल किती होते, धाविक दिसले का, काळविटांचा कळप कुठे चरत होता, यात कुणाला फारसा रस नसतो. ‘माळढोक होता का?’ एवढंच. उत्तर बहुतेकदा ‘नाही’ असतं आणि गणनेच्या तक्त्यात या ‘नाही’साठी रकानाच नसतो. तक्ता दिसलेल्यांसाठी आखलेला.

हा रकाना आखला गेला थेट एस्टोनियात. तार्तू विद्यापीठातले मेलिस पार्टेल, रॉबर्ट साव्हा-कोवाट्स आणि मार्टिन झोबेल यांनी २०११ मध्ये एक छोटा लेख लिहिला आणि खगोलशास्त्रातल्या ‘डार्क मॅटर’च्या धर्तीवर ‘डार्क डायव्हर्सिटी’ ही कल्पना मांडली. न दिसणारं द्रव्य जसं गणितात धरावं लागतं, तशा न दिसणाऱ्या जातीही धराव्यात, असं त्यांचं म्हणणं. अट मात्र कडक आहे. जात आसपासच्या मुलखात असली पाहिजे, या तुकड्याची माती, पाऊस, ऊन तिला मानवलं पाहिजे, आणि तरीही ती इथे नसली पाहिजे. शाळेच्या पटावर नाव आहे पण आज वर्गात नाही, अशी मुलं. पटावर नसलेल्या मुलाला कुणी गैरहजर म्हणत नाही.

कल्पनेचं कूळ मात्र जुनं आहे. एस्टोनियातली गवताळ कुरणं शतकानुशतकं विळ्या-कोयत्याने कापून राखलेली. त्यातल्या लाएलातू इथल्या कुरणात एका चौरस मीटरमध्ये ७६ वनस्पतींच्या जाती मोजल्या गेल्या आहेत. जिथे पायाखालच्या चौकोनात एवढी दाटी, तिथे ‘मग शेजारच्या चौकोनात इतक्या कमी का?’ हा प्रश्न पडणारच. झोबेल आणि पार्टेल १९९० च्या दशकात याच्याच मागे होते. या मातीत वाढू शकणाऱ्या सगळ्या जातींचा साठा किती आणि त्यातल्या प्रत्यक्ष हजर किती, हे ते मांडत होते. गवतावर उपजीविका केलेल्या मुलखातच ही कल्पना रुजली, हा मला योगायोग वाटत नाही.

खरा पेच पुढे आहे. जी जात इथे नाहीच, ती इथे राहू शकली असती हे ठरवायचं कसं? एक वाट जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइन्त्स एलेनबर्ग यांची. त्यांनी मध्य युरोपातल्या वनस्पतींना ऊन, ओल, मातीची आम्लता अशा गरजांचे अंक दिले होते. जागेचे अंक आणि जातीचे अंक जुळवायचे, झालं. पण असे तक्ते जगभर कुठले असायला? दुसरी वाट एडवर्ड बील्स यांनी १९८४ मध्ये सुचवली, आणि ती आपल्याकडच्या गुराख्यालाही पटेल. संगत बघायची. शेकडो तुकड्यांच्या नोंदींत अमुक गवत तमुक गवताबरोबर किती वेळा आढळलं, हे मोजायचं. पवना जिथे आहे तिथे बहुधा मारवेलही असेल, आणि एखाद्या तुकड्यात पवना आणि त्याचे बाकीचे सोबती आहेत पण मारवेल तेवढं नाही, तर ते तिथलं गैरहजर धरायचं. उत्तर ‘आहे-नाही’ असं येत नाही, शक्यतेचा आकडा येतो. हेच बरं. आणि या आकड्याला चांगलं-वाईट कळत नाही. वेड्या बाभळीचं नावही तो तितक्याच निर्विकारपणे गैरहजरांत घालील.

२०१८ मध्ये तार्तूकरांनी हे जगभर करून पाहायचं ठरवलं. ‘डार्कडिव्हनेट’ या जाळ्यात दोनशेहून अधिक शास्त्रज्ञ आले, ११९ प्रदेशांत सुमारे साडेपाच हजार तुकडे मोजले गेले आणि २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये निकाल आला. माणसाचा वावर कमी असलेल्या प्रदेशांत, साठ्यातल्या दर तीन जातींपैकी एकीहून जास्त प्रत्यक्ष सापडते. वावर जास्त असेल तिथे पाचांतली एकच. हे तुकडे शेताचे किंवा शहराचे नव्हते, नैसर्गिक वनस्पती टिकलेल्या जागा होत्या. तरीही शेकडो किलोमीटरवरच्या माणसांच्या उलाढालीची सावली त्यांच्यावर पडलेली. भोवतालचा निदान एक तृतीयांश मुलूख अस्पर्श राहिला असेल, तर मात्र झळ कमी लागते.

नुसत्या जाती मोजून हे कळलं नसतं. आंबोलीत जाती भरपूर आणि सोलापूरच्या माळावर कमी, म्हणून माळ दरिद्री ठरत नाही. इथे पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, जमीन हलकी. साठाच लहान. प्रश्न त्या साठ्यातलं किती शिल्लक आहे, हा. ‘पडीक’ समजून माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ लावली की बुलबुल आणि सुगरणीही येतात, यादी लांबते. साऱ्यांना आनंद होतो. पण उघड्या गवतावर चार दिशा न्याहाळत चालणारे पक्षी तिथून उठतात. जाती वाढल्या आणि माळ मात्र घटला, असा हा विचित्र हिशोब.

माळढोकाचं हेच झालं. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, वर्षाकाठी बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. सत्तरच्या दशकात बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधलं. १९७९ मध्ये अभयारण्य झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं पोटात घेऊन. कागदावर एवढं मोठं, आणि प्रत्यक्षात पक्षी गवताच्या राखीव तुकड्यांत आणि ज्वारी-करडईच्या रानांत. शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा व्यवहार करायला अडचण, म्हणून राग पक्ष्यावर. पुढे हे क्षेत्र साधारण १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत आवरलं. तोवर उजनीचं पाणी आलं होतं, ऊस आला होता, विजेच्या तारांचं जाळं आलं होतं. माळढोकाचे डोळे बाजूंना. समोरची तार त्याला दिसेपर्यंत उशीर होतो. आताच्या गणनेत एखादा पक्षी दिसला तरी बातमी होते.

मग नान्नजच्या पटावर त्याचं नाव आहे का? चित्त्याशी तुलना करून पाहा. दख्खनच्या माळावर चित्ता होता, पण १९५२ मध्ये तो देशातून संपल्याचं जाहीर झालं. आसपास कुठेच नाही, म्हणून या हिशोबात तो गैरहजरही नव्हे. त्याचं नाव कापलेलं. माळढोक अजून त्या रेषेच्या अलीकडे आहे, कारण बळ्ळारीजवळच्या सिरुगुप्प्यात मोजके का होईना टिकून आहेत. पण या पद्धतीतली बोचरी बाजू इथेच आहे. तिथलेही संपले तर नान्नजचा गैरहजरांचा आकडा एकाने कमी होईल, आणि कागदावर माळ उलट अधिक पूर्ण दिसेल. म्हणून ज्यांना हा हिशोब करायचा आहे त्यांनी शेजारचा साठाही वेळोवेळी मोजावा, नि जुन्या नोंदींशी ताडून पाहावा.

जैसलमेरच्या माळढोक प्रजनन केंद्रांत २०१९ पासून रानातली अंडी आणून पिल्लं वाढवली जात आहेत. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातूनही एक पिल्लू जन्मलं. उद्या पक्षी सोडायची वेळ आलीच, तर ते कुठे सोडायचे हे ठरवताना नान्नजचं नाव निघेल. त्या दिवशी कुणी माळढोकाची गणना मागणार नाही. गवत किती सलग आहे, गिरिपुष्पाचे पट्टे काढले का, तारा जमिनीखाली गेल्या का आणि अभयारण्याभोवती ज्वारी उरली आहे की ऊसच, हे विचारतील.