महाविकास आघाडीचे मंत्रिमंडळ

२०१९च्या विधानसभा निवडणुकीत भाजपला १०५, शिवसेनेला ५६, राष्ट्रवादी काँग्रेसला ५४ आणि काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या. युतीकडे स्पष्ट बहुमत असूनही मुख्यमंत्रिपदाच्या वाटणीवरून ती तुटली. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागू झाली. २३ तारखेच्या पहाटे ती उठवून देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी उरकण्यात आला. २६ला दोघांनीही राजीनामे दिले.

उद्धव ठाकरे यांनी सहा मंत्र्यांसह २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर शपथ घेतली. ३० तारखेला विश्वासदर्शक ठराव १६९ मतांनी संमत झाला. खरा पेच विस्ताराचा होता. ९१व्या घटनादुरुस्तीनुसार मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. २८८च्या सभागृहात ही मर्यादा मुख्यमंत्र्यांसह ४३ येते. ३० डिसेंबरला ३६ मंत्री घेतले गेले आणि ती पहिल्याच विस्तारात संपली. तीन पक्ष, शिवाय अपक्ष व छोटे मित्र. नाराजांसाठी शिल्लक काहीच राहिले नाही.

मीरा-भाईंदरच्या वाट्यालाही मंत्रिपद आले नाही. येथे भाजपच्या नरेंद्र मेहता यांना हरवून निवडून आलेल्या अपक्ष आमदार गीता जैन यांनी आधी भाजपला पाठिंबा दिला, ऑक्टोबर २०२०मध्ये शिवबंधन बांधले आणि २०२२मध्ये त्या एकनाथ शिंदे यांच्या बाजूला गेल्या. शहराचा काही भाग ज्यांच्या ओवळा-माजिवडा मतदारसंघात येतो, त्या प्रताप सरनाईक यांनी तर जून २०२१मध्येच ठाकरे यांना पत्र लिहून भाजपशी जुळवून घेण्याची विनंती केली होती. फुटीची ही पूर्वसूचना कोणी फारशी मनावर घेतली नाही.

२० जून २०२२ला विधान परिषदेच्या मतदानानंतर शिंदे समर्थक आमदारांसह सुरतला व तेथून गुवाहाटीला गेले. राज्यपालांनी सांगितलेल्या बहुमत चाचणीला सर्वोच्च न्यायालयाने २९ जूनच्या रात्री स्थगिती नाकारताच ठाकरे यांनी राजीनामा दिला. हाच राजीनामा पुढे निर्णायक ठरला. ११ मे २०२३च्या निकालात घटनापीठाने राज्यपालांचा आदेश समर्थनीय नसल्याचे म्हटले. परंतु ठाकरे चाचणीला सामोरेच न गेल्याने त्यांचे सरकार पुन्हा आणता येत नाही, असेही स्पष्ट केले.

३० जूनला शिंदे मुख्यमंत्री व फडणवीस उपमुख्यमंत्री झाले. ९ ऑगस्टला १८ मंत्र्यांनी शपथ घेईपर्यंत सुमारे चाळीस दिवस राज्याचे मंत्रिमंडळ या दोघांचेच होते. सरनाईक यांना मंत्रिपद मिळायला मात्र डिसेंबर २०२४ उजाडावा लागला.